तीन चावे आणि नियम चौदावा

माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक शंभर पानी वही आहे. वर माझ्याच त्या वेळच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय, 'चावे : नोंदवही'. आत पट्टीनं आखलेले रकाने आहेत. वार, चावणारा, चावून घेणारा, ठिकाण. ठिकाण म्हणजे दंड, पोटरी, गाल असं. एका ओळीत 'खिडकीचा गज' लिहिलंय, कारण त्या दिवशी चावणाऱ्याला दुसरं कुणी मिळालं नव्हतं.

आम्ही जैन. माझ्या सासूबाई साखरेतल्या मुंग्या कागदावर घेऊन अंगणात सोडायच्या आणि वर त्यांना 'सांभाळून जावा' म्हणायच्या. त्या घरातली सून चाव्यांचे रकाने आखत बसली, हे त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मागच्या एका गल्लीत मी पाळणाघर चालवत होते. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं मोरी आणि एक पेरूचं झाड. एक ते तीन वर्षांची बारा पोरं. तीन पुरी झाली की पोर बालवाडीत जायचं आणि महिन्याभरात आम्हाला विसरायचं. पुढं भाजी मंडईत दिसलं तर आईच्या मागं लपून 'ही बाई कोण' म्हणून बघायचं. ज्याचं ढुंगण आपण दोन वर्षं धुतलं त्यानं असं बघावं, हे या धंद्यात पहिल्यांदा गिळायला शिकायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाळणाघर म्हणजे पोरं सांभाळायची. ते नंतर. पाळणाघर म्हणजे आधी मोजायचं. दर पाच मिनिटांनी डोकी मोजायची. बारा भरली की श्वास सोडायचा, अकरा भरली की पलंगाखाली बघायचं. एकदा माझी तेरा भरली. पुन्हा मोजली, पुन्हा तेरा. शेजारी आलेल्या पाहुण्यांचं पोर मुगाच्या खिचडीच्या वासावर येऊन पंगतीत बसलं होतं, आणि मी त्याला दोनदा वाढून त्याचं तोंडही पुसलं होतं.

दुसरं म्हणजे रडणं. ते एकट्याचं कधीच नसतं. एकानं सूर लावला की दुसरा त्याच्या तोंडाकडं बघतो, तो का रडतोय ते समजत नाही, पण आपण मागं राहू नये म्हणून तोही लावतो. पाच मिनिटांत बारा. मग पहिला गप्प होतो आणि बाकीचे का रडतात म्हणून चकित होऊन बघत बसतो.

आता मी तेव्हा कशी होते ते सांगते, म्हणजे पुढच्या गोष्टीत कुणावर हसायचं ते कळेल. छत्तीस वर्षांची. कडक स्टार्चची साडी, वेणी ताठ, मान त्याहून ताठ. पुण्याला जाऊन आठ दिवसांचं शिबिर करून आले होते. आठ दिवसांत माणसाला पोहायला येत नाही, मला बालमानसशास्त्र आलं होतं. येताना मी तीन गोष्टी आणल्या. एक प्रमाणपत्र, एक शिट्टी आणि एक वाक्य.

शिट्टी अशासाठी, की ती वाजवली की मुलांनी रांगेत यावं. वर्षा-दीड वर्षाच्या मुलांनी. पहिल्या दिवशी वाजवली तर झोपलेली सहा उठली आणि जागी असलेली सहा रडायला लागली. हौसामावशी मोरीतून ओल्या हातानं बाहेर आल्या.

"आक्का, ह्ये काय पोलीस भरती हाय व्हय?"

हौसामावशी माझ्या मदतनीस, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे पाळणाघर त्यांचंच होतं, मी नुसती पाटी लावली होती. स्वतःची सहा पोरं वाढवलेली बाई. एक काखेत, एक पायावर, तिसऱ्याला नजरेनं धरून भात ढवळायच्या. शिबिर कसलंही केलेलं नव्हतं, म्हणून मला त्यांची थोडी कीव यायची.

आणि वाक्य असं होतं : 'तीन वर्षांखालच्या मुलांत मैत्री नसते, ती फक्त शेजारी शेजारी बसून खेळतात.' शिबिरात एका बाईंनी सांगितलं आणि मी त्याखाली तीन रेघा मारल्या. मग माझ्यासमोर दोन पोरी रोज दुपारी एकमेकींचा कान धरल्याशिवाय झोपायच्या नाहीत, एक आजारी पडली की दुसरी उशीचं टोक धरून मुसमुसायची, तरी मी वहीत लिहिलं, 'कानाचा संसर्ग होण्याची शक्यता, लक्ष ठेवावे.'

नियमही केले होते. बावीस. एका रंगाऱ्याकडून पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवून व्हरांड्यात टांगले होते. चौदावा नियम असा : 'कोणत्याही बालकाने तीन वेळा चावा घेतल्यास त्याचा प्रवेश रद्द करण्यात येईल.' चावणारं बालक तो नियम वाचणार कसं, हा प्रश्न मला पडला नव्हता. हौसामावशींना पडला होता.

तर अशा त्या राज्यात समू आली.

समृद्धी तिचं नाव, सतरा महिन्यांची. वरचे चार आणि खालचे दोन, असे सहा दात. तिची आई वैशाली नर्स. एका दवाखान्यात नुकतीच लागली होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. रजा घेतली की नोकरी गेली. नवरा इचलकरंजीत लूमवर पाळीनं, आठवड्यातनं एकदा घरी यायचा. तोवर मायलेकी गावी होत्या, नेसरीला, वैशालीच्या सासऱ्यांकडं. नोकरी लागल्यावर कोल्हापुरात एक खोली घेतली. पोर कुठं ठेवायची, तर माझ्याकडं. नाहीतर तिला परत नेसरीला धाडायची, आणि आईनं लेकीचं तोंड रविवारी बघायचं, तेही रविवारी ड्यूटी नसली तर.

वैशालीनं हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, "नियम वाचून घ्या."

समू सहा दिवस रडली. व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारून, भिंतीकडं तोंड करून. मी तिच्यासमोर खुळखुळा वाजवला, बाहुला नाचवला, शिबिरातलं चिमणीचं गाणं हावभावांसह म्हटलं. चिमणीच्या गाण्याला ती जास्त रडली.

सातव्या दिवशी जुबेर तिच्याजवळ गेला.

जुबेर एकोणीस महिन्यांचा. गोल, शांत, पोटावरचं बटण कधीही न लागणारा. त्याचे वडील रफीकभाई, कळंब्याच्या रस्त्यावर त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. आई शाळेत शिकवायची. जुबेरचं जगात एकाच गोष्टीवर प्रेम होतं. आमच्या दुधाच्या पातेल्याचं झाकण. तो ते दिवसभर छातीशी धरून हिंडायचा, आणि हौसामावशी दुधावर ताट झाकायच्या. त्यानं ते झाकण समूसमोर ठेवलं. ती रडतच बघायला लागली. त्यानं झाकणावर हात आपटला. ती थांबली. तिनंही आपटला. मग दोघांनी मिळून तासभर झाकण बडवलं, आणि मला डोकेदुखीची गोळी घ्यावी लागली. वहीत मी लिहिलं, 'समृद्धी स्थिरावली. चिमणीचे गाणे परिणामकारक.'

दुसऱ्या दिवशी सकाळी रफीकभाईंची स्कूटर थांबली. जुबेर आत आला. समूनं खांब सोडला, धावत गेली, त्याचा डावा हात दोन्ही हातांनी धरला आणि कणसाला चावावं तसा चावली.

मी किंचाळले. जुबेर रडला नाही. त्यानं हाताकडं बघितलं, मग समूकडं बघितलं. पंगतीत जिलबी वाढल्यावर माणसाचं तोंड होतं तसं त्याचं झालं होतं.

संध्याकाळी मी रफीकभाईंना गंभीर चेहऱ्यानं बाजूला घेतलं. त्यांनी तेलकट बोटानं तो हात उजेडात धरून बघितला, एखादा पार्ट बघावा तसा.

"वरचं चार, खालचं दोन. सेटिंग एकदम बरोबर हाय की आक्का. पोरीचं पुढचं दात सरळ येणार बघा."

"अहो, तुमच्या मुलाला चावलीय ती."

"व्हय. पर ह्यो रडला का?"

"नाही."

"मग तक्रार कुणाची हाय?"

तक्रार माझी होती. मी नोंद केली. चावा पहिला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तसंच. तोच दरवाजा, तीच धाव, तोच हात. चावा दुसरा. यावेळी संध्याकाळी मी वैशालीला थांबवलं. ती पांढऱ्या ड्रेसमध्ये, ड्यूटीवरून तशीच धावत आलेली.

"घरात न्हाई हो चावत ती, आक्का. मला न्हाई, हिच्या पप्पांना न्हाई. कुणाला म्हंजी कुणालाच न्हाई."

"म्हणजे इथं येऊन शिकली म्हणता?"

"तसं न्हाई म्हणत मी." ती पत्र्याकडं बघत म्हणाली. चौदावा नियम तिला आता तोंडपाठ असणार. "एवढं सहा महिनं निघू देत. मी तिला सांगते."

सतरा महिन्यांच्या पोरीला सांगते म्हणाली. मी शिट्टी फुंकणारी बाई, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, "तिसरी वेळ येऊ देऊ नका."

आणि ती येऊ नये म्हणून मीच उपाय केला. आतल्या खोलीच्या दाराला आडवी फळी बसवली, गुडघ्याएवढी. समू आत, जुबेर बाहेर व्हरांड्यात. झाकण आत.

चावे थांबले. मी खूश झाले. समू मात्र पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली. भात तोंडात घेऊन गालात धरून ठेवायची. दुपारी हौसामावशी बोट घालून काढायच्या तर सकाळचा तसाच. आणि जुबेरनं एक वेगळंच काम सुरू केलं. तो बाही वर करायचा, डावा हात पुढं धरायचा आणि एकेका पोरापुढं जाऊन उभा राहायचा. एकानं त्या हातावर बिस्कीट ठेवलं. एकीनं नाक पुसलं. एकानं त्यावर डोकं टेकलं आणि तिथंच झोपला. जुबेर शांतपणे वाट बघायचा, मग पुढच्याकडं जायचा. पोरं संपल्यावर तो गवळ्याकडं गेला. गवळी म्हणाला, "काय दुखतंय व्हय बाळाचं?" शेवटी त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गायीपुढं हात धरला आणि बराच वेळ थांबला.

मी वहीत लिहिलं, 'जुबेर हाताचा व्यायाम करू लागला आहे.'

"आक्का, त्यो गिऱ्हाईक हुडकतोय," हौसामावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजी तुमच्या फळीच्या पल्याडलं. द्या की सोडून दोघांस्नी."

"मावशी, नियम आहे."

"नियम पत्र्यावर हाय. पोरं फरशीवर हायत."

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. आज कुणी मला शिबिरात बोलावलं तर मी तेवढंच सांगून चहा पिऊन परत येईन.

शुक्रवारी सकाळी फळी पडली. कशी पडली ते हौसामावशींना माहीत नाही. त्या अगदी फळीच्या जवळ उभ्या होत्या, तरी त्यांना माहीत नाही. मी फळी उचलायला वाकले तोवर समू माझ्या काखेखालून गेली होती, आणि जुबेर तिकडून हात पुढं करूनच येत होता. वरचे चार, खालचे दोन. चावा तिसरा.

संध्याकाळी मी वैशालीला पत्र्यापुढं उभं केलं आणि वही उघडून तिन्ही ओळी दाखवल्या. ती भांडेल असं वाटलं होतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडली नाही. "बरं," म्हणाली. पोरीचे लंगोट एकेक करून पिशवीत भरले. "उद्या एक दिवस ठेवून घ्या. अर्धी पाळी हाय माझी. अज्जांना फोन करते, त्ये येऊन न्हेतील गावाला." मग दारात थांबून म्हणाली, "त्ये झाकण न्हेऊ का तिच्यासाठी? नवं आणून देते तुम्हाला."

मी झाकण दिलं. आणि घरी जाऊन पोटभर जेवले. नियम पाळल्याच्या समाधानात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. हे लिहिताना आता कान गरम होतात, पण खाल्ल्या त्या खाल्ल्या.

शनिवारी दहाच्या सुमाराला अज्जा आले. आमच्याकडं कर्नाटकाच्या कडेच्या गावांत आजोबांना अज्जा म्हणतात. धोतर, पटका, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. पहिल्या एसटीनं निघाले होते. पायरीवर बसले. हौसामावशींनी पाणी दिलं.

"या पावणं. लांबनं आलासा."

"काय करायचं मग. पोरगी चावती म्हनं." अज्जा हसले, आणि तेव्हा मी बघितलं, तोंडात एक दात नव्हता. वर नाही, खाली नाही. लहान पोराचं असतं तसं स्वच्छ बोळकं.

आतून समूनं आवाज ओळखला. फळी मी पुन्हा बसवली होती. ती फळीवर पोट टाकून पलीकडं डोक्यावर पडली, उठली, आणि अज्जांच्या अंगावर जाऊन आदळली. अज्जांनी तिला मांडीवर घेतलं.

"खाऊ का गं तुला? आं? चटणीसंगट खाऊ का नुसतीच खाऊ?"

आणि तिचा हात दोन्ही हातांनी धरून, कणसासारखा, त्यांनी तोंडात घातला. हिरड्यांनी धरून मान हलवली, गुरगुरले. समू हसली. एवढ्या दिवसांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. तिनं दुसरा हात पुढं केला. "ह्यो ऱ्हायला व्हय?" म्हणत अज्जांनी तोही खाल्ला. मग समूनं अज्जांचा हात धरला, तोंड उघडलं, आणि सहाच्या सहा दात लावले.

"आयो," अज्जा म्हणाले. हाताकडं बघत राहिले. "हिला दात कवा आलं?"

हौसामावशींनी माझ्याकडं बघितलं. मी पत्र्याकडं बघितलं.

अज्जा सांगायला लागले. घरात रोजचंच हे. सकाळी पोर उठली की आधी अज्जा तिला चावणार, मग ती अज्जाला. रात्री निजताना पुन्हा. बाकी कुणाशी हा खेळ नव्हता, आणि बिनदाताच्या खेळाला घरात कुणी चावणं म्हणत नव्हतं. तिला दात नव्हते, ह्यांना राहिले नव्हते, दोघांचं बरोबर चाललं होतं. दात उगवत होते तेव्हा मायलेकी कोल्हापूरला आल्या, आणि अज्जांच्या ते ध्यानातच आलं नाही.

म्हणजे चावा ही समूची 'आलास का' म्हणायची पद्धत होती. एवढ्या पाळणाघरात तिला एकच माणूस त्या लायकीचा वाटला होता. त्यालाही ते पहिल्या दिवशी कळलं होतं. त्याच्या बापाला कळलं होतं, हौसामावशींना कळलं होतं. प्रमाणपत्र फक्त माझ्याकडं होतं.

तेवढ्यात जुबेर येऊन अज्जांच्या पुढं उभा राहिला. बाही वर केली. डावा हात पुढं धरला. त्यावर तीन खुणा होत्या, एक ताजी, दोन पिवळ्या पडलेल्या.

"ह्येचं ह्ये कुनी केलं?" अज्जांनी विचारलं.

"तुमच्या नातीनं. मायेनं," हौसामावशी म्हणाल्या.

अज्जांनी पटका मागं सारला आणि तो हात मनापासून चावला. जुबेरच्या तोंडावर तीच जिलबी परत आली. मग तो वळला आणि हात समूपुढं धरला. ती तोंड उघडून वाकली. मी धावले.

"थांब बाई," अज्जा मला म्हणाले. मला. मग समूची हनुवटी धरली. "आसं न्हवं. वठ आत घे. माझ्याकडं बघ."

त्यांनी ओठ आत दुमडून दाखवले. त्यांना वेगळं काही करायचं नव्हतंच. समूनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, सोनार काटा बघतो तेवढ्या बारकाईनं. मग तिनं आपले ओठ आत घेतले. सतरा महिन्यांच्या पोरीची क्षणात नव्वद वर्षांची म्हातारी झाली. आणि तिनं जुबेरचा हात धरला. दात कुठंच नाहीत. नुसती लाळ.

जुबेर इतका हसला की मागं बसला.

मग काय झालं ते मला अजून डोळ्यांपुढं दिसतं. बाकीची दहा पोरं जवळ आली. एकानं हात पुढं केला, त्याच्यामागं दुसरा थांबला, त्याच्यामागं कान धरणाऱ्या दोघी. माझ्या शिट्टीनं जी रांग एकदाही लागली नाही ती त्या बिनदाताच्या म्हाताऱ्यापुढं आपोआप लागली. अज्जांनी दहाही हात चावले. काही जण चावून घेऊन पुन्हा मागं जाऊन उभे राहिले. मी मोजायला गेले तर सतरा भरले.

दुपारी पालक न्यायला आले. दारात बारा बोळकी म्हातारी उभी. ओठ आत, डोळे बारीक, आणि येईल त्याचा गुडघा धरून चावतायत. एक आई घाबरून म्हणाली, "आक्का, ह्यांचे दात कुठं गेले?"

रफीकभाई आले. हौसामावशींनी त्यांना सगळं सांगितलं, माझी नक्कल करून. ते ऐकून घेतल्यावर पत्र्यापुढं जाऊन उभे राहिले.

"आक्का, थिनर हाय की डिकीत. काढायचा का चौदावा?"

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढून पत्र्याखाली ठेवलं. त्यांनी त्याचा बरोबर अर्थ घेतला आणि फडका भिजवून पत्रा पुसला. गॅरेजवाल्याचा हात, जोरात पुसलं. चौदाबरोबर तेराही गेला. तेरावा नियम होता, 'पालकांनी पाल्यास वेळेवर घेऊन जावे.' पुढची सगळी वर्षं माझ्याकडं कुणी पोर वेळेवर नेलं नाही, त्याचं मूळ हे.

साडेबाराला वैशाली आली. ड्रेस तसाच, खांद्यावर पोरीच्या कपड्यांचं गाठोडं, हातात झाकण. डोळे रडून झालेले. दारात तिच्याही गुडघ्याला एक-दोघं चावली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. हौसामावशी तर पदराला हात पुसून आरामात बघत होत्या. माफी कशी मागायची ते शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "सोमवारी दहाच्या आत आणा. आणि ते झाकण इथं ठेवा, दूध उघडं पडलंय."

ती गाठोड्यासकट पायरीवर बसली. पत्र्यावरची पुसलेली जागा तिला दिसली असावी. बराच वेळ गाठोड्यात तोंड घालून बसली, आणि समू तिच्या पाठीला बिनदाताची चावत राहिली.

"मग मी आलो कशाला एवढ्या लांबनं?" अज्जा म्हणाले.

"शेंगा द्यायला," हौसामावशींनी पिशवी आत नेली.

वैशालीचे सहा महिने निघाले, नोकरी पक्की झाली. समू आणि जुबेर जवळपास दीड वर्ष रोज सकाळी दारात एकमेकांना चावायचे आणि झाकणाकडं जायचे. मग जुबेर तीन वर्षांचा झाला आणि बालवाडीत गेला. समू दोन दिवस दारात ओठ आत घेऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी नवीन आलेल्या एका पोराला चावली. संपलं. पोरांचं असंच असतं, आणि ते बरंही असतं. पण त्या दोन दिवसांत मी झाकण लपवून ठेवलं होतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, पुढं दोघांचं काहीतरी झालं असेल, किंवा समू निदान दातांची डॉक्टर झाली असेल. तसलं काही नाही. ती इचलकरंजीत सुताच्या ऑफिसात हिशेब बघते, दोन पोरांची आई आहे, आणि जुबेर नावाचा कुणी तिला आठवत नाही. वैशालीनं एकदा विचारून बघितलं होतं. त्या मैत्रीचा जगात एकच कागद उरलाय. तो माझ्या कपाटात आहे, आणि तोही मी चुकीच्या रकान्यात भरलाय.

गेल्या महिन्यात दारावर एक धिप्पाड माणूस आला. पोटावरचं बटण उघडं, म्हणून मी ओळखलं. कडेवर दीड वर्षाची पोरगी. म्हणाला, "आक्का, मी जुबेर. अब्बांनी पाठवलंय. हिच्यासाठी चांगलं पाळणाघर सांगा म्हणाले."

मी चहा टाकला. पाळणाघर सांगितलं. समूचं विचारलं.

"कोण समू?"

झाकणाचं विचारलं. तो हसला, नाही आठवत म्हणाला. अज्जांचंही नाही. पोरगी माझ्याकडं टक लावून बघत होती, बापासारखीच शांत.

"बरं, हात दाखव," मी म्हटलं.

कशाला, असं त्यानं विचारलं नाही. पोरगीला उजव्या कडेवर घेतलं, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात माझ्यापुढं धरला. मग स्वतःच त्या हाताकडं बघत राहिला, हा कुणाचा म्हणून.

मी कवळी काढून बशीत ठेवली.